माणूस जाळायचा, हिशेब ठेवायचा

आपल्या चित्रपट मंडळाचा इतिहास या स्मरणिकेत आहेच. संपादकांनी माझ्याकडे मागितला तो एका परक्या संस्थेचा, आणि निमित्त आपल्याच एका खेळाचं. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी आपण ‘डस्ट अँड इल्युजन्स’ हा माहितीपट दाखवला होता. त्यानंतरची चर्चा शिपायानं पंखे बंद केले तरी संपेना. चित्रपट होता अमेरिकेत, नेवाडाच्या वाळवंटात भरणाऱ्या ‘बर्निंग मॅन’ या कलामेळ्याचा. भांडण मात्र थेट आपल्या घरचं निघालं. संस्था कोणाची? ज्यानं काढली त्याची, जो चालवतो त्याची, की दरवर्षी पदरमोड करून येतो त्याची? त्या रात्री जिन्यात आपले दोन जुने सभासद एकमेकांशी बोलायचे थांबले, ते अजून बोलत नाहीत.

मी आजवर तीन स्मरणिकांचं काम केलं आहे. साचा ठरलेला असतो: शुभेच्छा संदेश, संस्थापकांचा तसबिरीतला फोटो, मग इतिहास, मग जाहिराती. इतिहासात एक वाक्य हमखास येतं, ‘पुढे काही मतभेदांमुळे काही मंडळी संस्थेपासून दूर झाली.’ हे वाक्य मी स्वतः दोनदा लिहिलं आहे. एकदा त्यामागे दोन वर्षांची भांडणं, एक वकिलाची नोटीस आणि तबल्याच्या एका जोडीची मालकी दडलेली होती. ओलिविए बोनिन या फ्रेंच दिग्दर्शकानं २००९ मध्ये आणलेला हा माहितीपट मला आवडला तो याच कारणासाठी. स्मरणिका जे एका वाक्यात गुंडाळते, तिथे तो खुर्ची टाकून बसतो. दूर झालेल्या मंडळींनाही बोलायला लावतो.

मेळ्याच्या अधिकृत इतिहासाची सुरुवात १९८६ ची धरली जाते. बोनिन मात्र आणखी मागे जातो, आणि ते बरोबरच आहे, कारण संस्था जन्मते त्याच्या कितीतरी आधी तिची माणसं एकमेकांना भेटलेली असतात. सॅन फ्रान्सिस्कोत १९७७ मध्ये गॅरी वॉर्न आणि त्याच्या काही मित्रांनी ‘सुइसाइड क्लब’ नावाची टोळी जमवली. नाव स्टीव्हन्सनच्या कथांवरून उचललेलं. मरायचं कुणालाच नव्हतं. उद्या नाहीच असं समजून आज जे करावंसं वाटतं ते करायचं, एवढाच हेतू. मग रात्री गोल्डन गेट पुलाच्या तारांवर चढणं आलं, शहराखालच्या गटारांतून फिरणं आलं, ऐन थंडगार शहरात केबल कारमधून नागव्यानं प्रवास करणं आलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ही टोळी विस्कटली. तिच्यातल्या काही जणांनी १९८६ मध्ये ‘कॅकोफनी सोसायटी’ काढली. कॅकोफनी म्हणजे गोंगाट. या गोंगाटमंडळाला अध्यक्ष नव्हता, कार्यकारिणी नव्हती. एक मासिक पत्रक निघे. कुणीही आपल्या डोक्यातला कार्यक्रम त्यात जाहीर करायचा, ज्याला यायचं त्यानं यायचं. ही टोळी नंतरच्या गोष्टीत फार महत्त्वाची ठरते. एक सुतार आणि एक माळी यांच्या हातून मेळ्यात जाळायचा पुतळा झाला खरा, पण त्या पुतळ्याला गाव मिळालं ते या टोळीमुळे.

सुतार म्हणजे जेरी जेम्स आणि माळी म्हणजे लॅरी हार्वी. हार्वी ओरेगनमधल्या पोर्टलंडजवळ वाढलेला, सॅन फ्रान्सिस्कोत लोकांच्या बागा आखून देऊन पोट भरणारा. १९८६ च्या जूनमध्ये, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी, या दोघांनी टाकाऊ लाकडातून आठ फुटी माणूस ठोकला, तो बेकर बीचवर नेला आणि पेटवला. सोबत मोजकीच मित्रमंडळी, वीसेक असतील. संस्थेत ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा एक तपशील कधी गळत नाही. ज्वाळा वाऱ्यानं एका बाजूला झुकल्या तेव्हा कुणी एक बाई पुढे धावली आणि तिनं जळत्या माणसाचा हात धरला. किनाऱ्यावरचे अनोळखी लोक गोळा झाले. ते पाहून हार्वी आणि जेम्स यांनी पुढच्या वर्षी पुन्हा करायचं ठरवलं.

का जाळला, हा प्रश्न हार्वीला आयुष्यभर विचारला गेला. प्रेमभंगाची एक गोष्ट पसरली आणि वार्ताहरांनी तीच छापून छापून झिजवली. पण तो लाकडी माणूस कोण, याचं ठरलेलं उत्तर संस्थेनं कधीच दिलं नाही. आपल्याला इथे होळी आठवणार, विसर्जनही आठवणार. मलाही आठवलं, पण मग जाणवलं की आपल्याकडे गोष्ट आधीपासून असते, होलिकेची, गौरीच्या लेकाची, आणि कृती तिच्या मागून येते. तिथे नुसतीच कृती होती, गोष्ट ज्यानं त्यानं आपली आणायची होती. माझ्या मते हा मेळा टिकला त्याचं निम्मं श्रेय या मौनाला आहे.

पुतळा वाढत गेला. १९८८ मध्ये त्याला ‘बर्निंग मॅन’ हे नाव मिळालं तेव्हा तो तीस फुटांवर गेला होता. पुढच्या वर्षी चाळीस. गोंगाटमंडळाच्या पत्रकात घोषणा आली आणि गर्दी जमली. १९९० मध्ये किनाऱ्यावर पोलीस आले. उभा करा, पण काडी लावायची नाही, असं त्यांनी बजावलं. माणूस उभा राहिला, लोक ‘जाळा’ म्हणून ओरडत राहिले, आणि शेवटी तो खाली उतरवून न्यावा लागला. पोलिसांनी परवानगी नाकारल्यामुळे ज्या संस्थांना नवा जन्म मिळाला त्यांची यादी आपल्याकडेही लांब निघेल.

त्याच सुमारास गोंगाटमंडळातल्या केव्हिन इव्हान्स, जॉन लॉ आणि मायकेल मिकेल यांच्या डोक्यात वाळवंटातल्या सहलीचा बेत शिजत होता. जॉन लॉ हा निऑन दिव्यांच्या पाट्या करणारा, सुइसाइड क्लबच्या दिवसांपासून पुलांवर चढणारा गडी. सप्टेंबरच्या सुट्टीला नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात जायचं होतं. न जळलेला माणूसही सोबत घ्यायचं ठरलं. भाड्याचा ट्रक आणि मागे थोड्या गाड्या घेऊन शंभराच्या आत माणसं निघाली. सपाटीवर पोहोचल्यावर मिकेलनं जमिनीवर एक रेघ ओढली. ती ओलांडली की पलीकडे सगळं वेगळं, असं म्हणून सगळे हातात हात धरून ती रेघ ओलांडून गेले. मंगलाष्टकाविना झालेला हा मुहूर्त.

ही जागा डोळ्यांपुढे आणली पाहिजे. लाहोंटन नावाच्या प्राचीन सरोवराचा हा आटलेला तळ. झाड नाही, झुडूप नाही, दगड नाही. मैलभर दूरचा माणूस उभ्या काडीसारखा दिसतो. वाळूही नाही, आहे ती खारट, अल्कधर्मी, पिठासारखी पांढरी धूळ. वारा सुटला की हाताची बोटं दिसेनाशी होतात. ही धूळ पायांची कातडी फाडते, म्हणून जाणती मंडळी रात्री व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं पाय धुतात. जवळचं गाव गर्लाक, आणि तेही नावालाच गाव. जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याची.

पहिल्या पाच-सहा वर्षांबद्दल बोलताना माहितीपटातली माणसं तरुण होतात. नियम जवळजवळ नव्हतेच. लोक बंदुका आणत, चालत्या गाडीतून निशाणे मारत, रात्री दिवे विझवून सपाटीवर भन्नाट गाड्या पळवत. १९९१ मध्ये जॉन लॉनं लाकडी माणसाच्या हाडांवरून निऑनच्या नळ्या फिरवल्या. त्या निळसर उजेडाचा खरा उपयोग असा, की अंधारात हरवलेल्याला परत यायची दिशा कळे. १९९२ मध्ये मिकेलनं ‘रेंजर’ उभे केले, कारण लोक खरोखरच हरवत होते. संस्थेचं पहिलं खातं हेच म्हणायला हवं. संख्या दरवर्षी जवळपास दुप्पट होत गेली आणि १९९६ पर्यंत आठ हजारांच्या घरात पोहोचली.

१९९६ हे वर्ष समजलं की बाकीचा इतिहास समजला. बोनिनही तिथे सगळ्यांत जास्त रेंगाळतो. त्या वर्षीचा विषय होता नरक. डान्टेचा नरक, पण कंपनीनं विकत घेतलेला. ‘हेल्को’ नावाची एक काल्पनिक कंपनी बर्निंग मॅन गिळायला आली आहे, असं सोंग रचलं होतं. सोंग रंगलं. पण मेळा भरण्याआधीच जॉन लॉचा एक मित्र रात्री बिनदिव्याच्या मोटरसायकलवरून येताना गाडीला धडकून मेला. मेळ्याच्या शेवटच्या रात्री एक मोटार झोपलेल्या लोकांच्या तंबूंवरून गेली आणि काही जण गंभीर जखमी झाले.

लॉचं म्हणणं सरळ होतं: झालं ते पुरे, आता हे बंद करू या. एवढ्या लोकांना नियमांशिवाय सांभाळता येत नाही, आणि नियम आणायचे तर मग हे आपलं ते उरत नाही. हार्वीचं म्हणणंही सरळच होतं: लोक येतच राहणार, तर त्यांना राहण्याजोगं गाव बांधू या. लॉ बाहेर पडला आणि परत आला नाही. चित्रपटात त्याला बोलताना पाहिलं तेव्हा मला आपल्याकडची ‘रंगायन’ आठवली. १९६० मध्ये सुरू झालेली, मराठी रंगभूमीला नवं वळण देणारी संस्था दहाएक वर्षांत फुटली, आणि १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ काढली. आपल्याकडे फुटणारा नवी संस्था काढतो. लॉनं काढली नाही. तो पुन्हा शहरातल्या आपल्या निऑनकडे गेला. आमच्या जिन्यातल्या दोघांपैकी एक लॉच्या बाजूचा होता, दुसरा हार्वीच्या. मी मधल्या पायरीवर उभा होतो, तिथेच अजून उभा आहे.

नियम आले ते १९९७ मध्ये. त्या वर्षी मेळा सरकारी सपाटी सोडून शेजारच्या खासगी जागेवर, फ्लाय रँचकडच्या वालापाय सपाटीवर भरला. तिथलं वॉशो परगण्याचं प्रशासन कडक. आग, पोलीस, रस्ते यांचा खर्च त्यांनी अंगावर टाकला आणि दारावर जमणारी तिकिटांची रोकड थेट ताब्यात घेतली. दहा हजार माणसं नाचत होती आणि चालकांच्या हाती पैसा नव्हता. संस्थेचा कणा असल्या वेळी तयार होतो. तोपर्यंत उत्साही मित्रांचा गट होता. आता कंपनी नोंदवली गेली, खाती पडली, हिशेब आले. हार्वी आणि मिकेल यांच्याबरोबर मॅरियन गुडेल, हार्ली दुबॉइस, क्रिम्सन रोझ आणि विल रॉजर अशी सहा जणांची चालकमंडळी पुढची कित्येक वर्षं हा गाडा ओढत राहिली. बंदुका बंद झाल्या. गाड्या आपल्या तंबूपाशी लावायच्या आणि मेळा संपेपर्यंत हलवायच्या नाहीत, असं ठरलं.

आणि गावाचा नकाशा आला. तो रॉड गॅरेटचा. आराखडा इतका सोपा की एकदा कळला की विसरत नाही: घड्याळाची तबकडी घ्या, मध्यभागी जळणारा माणूस, आणि तबकडीच्या दोन ते दहा या आकड्यांपर्यंत कमानीसारखी वस्ती. रस्त्यांची नावं वेळेवरून. ‘साडेचारच्या रस्त्यावर, तिसऱ्या गल्लीत’ असा पत्ता. दहापासून दोनपर्यंतची बाजू मोकळी, तिकडे नुसतं वाळवंट आणि कलाकृती. बाहेरून पंचकोनी कुंपण, ते माणसं अडवायला जितकं आहे तितकंच उडालेला कचरा अडवायला. १९९८ मध्ये मेळा पुन्हा ब्लॅक रॉकच्या सपाटीवर आला आणि हे गाव दरवर्षी उभं राहू लागलं. आठवडाभर नेवाडातल्या मोठ्या शहरांत गणना व्हावी अशी लोकसंख्या, मग पुन्हा शून्य. त्याच १९९८ च्या ऑगस्टअखेरीस गूगलच्या दोन्ही संस्थापकांनी आपल्या नव्याकोऱ्या नावामागे लाकडी माणसाची काडीछाप आकृती टाकली; आपण मेळ्याला गेलो आहोत एवढंच त्यांना कळवायचं होतं. गूगलचं पहिलं डूडल ते हेच.

गावाची खाती वाचताना गंमत वाटते. नियम नकोत म्हणून शहर सोडून गेलेल्यांच्या गावात आज सार्वजनिक बांधकाम खातं आहे, विमानतळ आहे, आकाशवाणी केंद्र आहे आणि चक्क आरटीओ आहे. गाडी फिरवायची असेल तर ती ओळखू न येण्याइतकी बदललेली हवी: मासा करा, जहाज करा, चहाची किटली करा. मग तपासणीला न्या, परवाना घ्या, ताशी पाच मैलांच्या वर चालवू नका. आपल्याकडच्या आरटीओत मी एकदा अर्धा दिवस घालवला होता; तिथे माझी गाडी फारच गाडीसारखी दिसत होती एवढाच फरक.

संस्थेची घटना मात्र फार उशिरा लिहिली गेली, २००४ मध्ये. तोवर अमेरिकेत आणि बाहेर लोक आपापले छोटे मेळे भरवू लागले होते, आणि ‘आम्ही तुमचेच’ असं म्हणणाऱ्यांना काय सांगायचं हा प्रश्न होता. हार्वीनं दहा तत्त्वं लिहून काढली. येणाऱ्याला मज्जाव नाही, बाजार नाही, प्रेक्षक कुणी नाही, सगळे भाग घेणारे. स्वतःचं पाणी-अन्न स्वतः आणायचं, मागे खूण ठेवायची नाही, वगैरे. यातलं सगळ्यांत नवलाचं तत्त्व देण्याचं. मेळ्यात पैसा चालत नाही, आणि देवघेवही नाही. मी तुला सरबत दिलं म्हणून तू मला काही द्यायचं नाहीस. विकत मिळे ते फक्त बर्फ आणि कॉफी. अलीकडे कॉफीही बंद झाली. बाकी सगळं कुणीतरी कुणाला तरी नुसतं देत असतं. पंढरीच्या वाटेवर चहाचं भांडं घेऊन उभं राहणारी माणसं पाहिलेल्या आपल्या वाचकाला यात समजावून सांगण्यासारखं फार काही नाही. मात्र वारीला तिकीट नसतं. इथे २०२२ मध्ये मुख्य विक्रीतलं तिकीट ५७५ डॉलरला होतं, आणि पैसा न चालणाऱ्या गावात शिरायलाच इतका पैसा लागतो, हा टोमणा संस्थेला रोज ऐकावा लागतो.

एक गोष्ट कुणी ठरवून केली नाही आणि तीच सगळ्यांत खोल गेली. २००० मध्ये डेव्हिड बेस्ट हा शिल्पकार लाकडी कातरकामाचं एक देऊळ बांधायला निघाला असताना त्याच्या चमूतला एक तरुण मित्र मोटरसायकल अपघातात गेला. बांधकाम चालू राहिलं आणि आपोआप त्या मुलाच्या नावाचं झालं. मग अनोळखी माणसं येऊन लाकडावर आपापल्या गेलेल्या माणसांची नावं लिहू लागली. पुढच्या वर्षी बेस्टनं अश्रूंचं देऊळ बांधलं. तेव्हापासून हा पायंडा पडला. देवळात देव नाही. आठवडाभर लोक फोटो, चिठ्ठ्या, बाळाचे बूट, कुत्र्याचा पट्टा आणून ठेवतात. शनिवारी माणूस जळतो तेव्हा ढोल, आरोळ्या, फटाके. रविवारी देऊळ जळतं तेव्हा हजारोंचा जमाव धुळीत बसून राहतो आणि लाकूड तडकल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. चर्चेच्या रात्री आपल्या मंडळातल्या एक ज्येष्ठ बाई, ज्या सहसा बोलत नाहीत, म्हणाल्या, ‘आपल्याकडे दहावा असतो. त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी करून घेतला.’

आता पैशाचं आणि नावाचं. कलावंतांची कुरकुर होतीच: तिकिटांतून एवढे येतात, कलेला किती जातात? २००४ मध्ये जिम मेसन आणि चिकन जॉन या दोघांनी जाहीर बंडच केलं, कलाकृती निवडायचा अधिकार लोकांना द्या आणि निधी वाढवा म्हणून. त्यातून फार काही बदललं असं म्हणता येत नाही, पण प्रश्न नोंदला गेला. २००७ मध्ये दोन घटना घडल्या. जानेवारीत जॉन लॉ दहा वर्षांच्या मौनानंतर कोर्टात गेला. ‘बर्निंग मॅन’ हे नाव हार्वी, मिकेल आणि तो अशा तिघांचं होतं. ते कुणा एकाच्या कंपनीचं होऊ नये, सगळ्यांसाठी खुलं व्हावं, अशी त्याची मागणी. प्रकरण पुढे समझोत्यानं मिटलं आणि नाव खुलं झालं नाही. ऑगस्टअखेरीस, चंद्रग्रहणाच्या रात्री, ठरल्या शनिवारच्या चार दिवस आधी कुणीतरी माणूस पेटवून दिला. पेटवणारा जुनाच कलावंत निघाला. मेळा फार शिस्तीचा झाला, हे त्याचं गाऱ्हाणं. बांधकाम खात्यानं रात्रंदिवस खपून दुसरा माणूस उभा केला, तो शनिवारी वेळेवर जाळला, आणि पहिला जाळणाऱ्यावर खटला चालून त्याला तुरुंगवास झाला. जाळण्यासाठीच बांधलेली वस्तू मुहूर्ताआधी जाळणं हा गुन्हा कसा, यावर आपल्याकडच्या चर्चेत पाऊण तास गेला. उत्तर सोपं होतं: वस्तू कुणाच्या मालकीची आहे त्यावर. पण ते उत्तर कुणाला आवडलं नाही.

माहितीपट काढणाऱ्यांनाही मालकीचा हा प्रश्न चुकला नाही. कॅमेरा घेऊन येणाऱ्यावर संस्थेची फार बारीक नजर. तिची बाजूही ऐकली पाहिजे. उघड्या अंगांची चोरटी चित्रफीत काढून विकणाऱ्या एका कंपनीवर तिनं २००२ मध्ये खटला भरला होता आणि लोकांनी त्याला दुवाच दिला. पण २००९ मध्ये, म्हणजे बोनिनचा चित्रपट आला त्याच वर्षी, डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं संस्थेच्या तिकिटाच्या अटींवर जाहीर टीका केली: पाहुण्यांनी स्वतः काढलेल्या छायाचित्रांवरही आयोजक हक्क सांगतात, हे कसलं स्वातंत्र्य? नंतर अटी सैल झाल्या. २०१३ मध्ये ‘स्पार्क: अ बर्निंग मॅन स्टोरी’ हा स्टीव्ह ब्राउन आणि जेसी डीटर यांचा माहितीपट आला, तो चालकांच्या कचेरीत बसून, बैठका चित्रित करून केलेला. तो पाहायला देखणा आहे, धुळीतले सूर्योदय त्याच्यासारखे बोनिनला साधलेले नाहीत. पण मला तो स्मरणिकेच्या जवळचा वाटला. अडचणी येतात, माणसं रडतात, मार्ग निघतो, माणूस जळतो. बोनिनच्या चित्रपटात मार्ग निघत नाही. बाहेर पडलेली माणसं बाहेरच राहतात, आत राहिलेली आतच, आणि दोघंही आपापल्या जागी पटतात. आपले दोन सभासद भांडले ते यामुळेच.

पुढचा इतिहास भराभर सांगता येईल, कारण तो बराचसा वर्तमानपत्रांत आलेला आहे. २०११ मध्ये पहिल्यांदा सगळी तिकिटं आधीच संपली. पुढच्या वर्षी सोडत काढली तर जुनेजाणते बाहेर आणि नवखे आत असा घोळ झाला. सिलिकॉन व्हॅलीतले धनिक वातानुकूलित छावण्या, आचारी आणि पगारी नोकर घेऊन येऊ लागले, आणि ‘प्रेक्षक कुणी नाही’ या तत्त्वाची थट्टा होऊ लागली. सहा मालकांची कंपनी २०१३ च्या अखेरीस सार्वजनिक न्यासासारख्या ना-नफा संस्थेच्या हाती सोपवली गेली. २०१६ मध्ये संस्थेनं फ्लाय रँच ही ३,८०० एकरांची जागा ६५ लाख डॉलरना विकत घेतली. वाळवंटात बिऱ्हाड करणाऱ्यांचा सातबारा झाला. मार्च २०१८ मध्ये वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या रेनविक कलादालनात मेळ्याच्या कलेचं प्रदर्शन उघडलं, आणि महिन्याभरात, २८ एप्रिलला, लॅरी हार्वी सत्तराव्या वर्षी गेला. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं साथीनं खाल्ली.

२०२३ चं वर्ष मी थोडं जवळून पाहिलं, म्हणजे फोनवरून. माझी भाची सॅन होजेला असते; त्या वर्षी ती पहिल्यांदा गेली होती. सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पाऊस पडला. आपल्या हिशेबानं पाऊस म्हणण्यासारखाही नाही, पण त्या पिठासारख्या धुळीचा क्षणात लगदा झाला. दरवाजे बंद, गाड्या हलवायला बंदी, सत्तर हजारांवर माणसं अडकलेली. चार पावलं टाकली की बुटाला विटेएवढी माती चिकटे. कुणीतरी शोधून काढलं की पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून वरून मोजा चढवला की माती कमी धरते. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली तशी चालत होती. टीव्हीवर हाहाकार चालला होता, आणि तिचा निरोप आला तो शेजारच्या तंबूनं साबुदाण्याची खिचडी खाऊन संपवल्याचा. माणूस शनिवारी जळायचा तो सोमवारी जळला, देऊळ मंगळवारी. ती दिवाळीला पुण्याला आली तेव्हा तेच बूट पायांत होते. दोनदा धुतलेले, तरी शिवणीत पांढरी रेघ. माझ्या बहिणीनं ते बाथरूममध्ये नेऊन व्हिनेगरनं घासले. रेघ गेली, वाळल्यावर परत आली. त्यानंतरच्या २०२४ मध्ये, २०११ पासून पहिल्यांदाच, तिकिटं शिल्लक राहिली.

त्या रात्रीच्या प्रश्नावर आपल्या सभासदांचं एकमत अजून झालेलं नाही. मला मात्र संस्था कोणाची हे पाहायचं झालं तर मेळा उठल्यानंतरचे आठवडे पाहावेसे वाटतात. भूव्यवस्थापन खात्याची अट अशी की एका एकरात एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा सापडला नाही पाहिजे. सापडला तर पुढचा परवाना धोक्यात. म्हणून बांधकाम खात्याची माणसं हाताच्या अंतरावर एका ओळीत उभी राहतात, डोळे जमिनीवर, आणि चालू लागतात. दोन ते दहा, एक एक गल्ली. तिथे कचऱ्याला ‘मूप’ म्हणतात, म्हणजे आपली जागा सोडून पडलेली वस्तू. टिकली, सिगरेटचं थोटूक, लाकडाचा कपचा, तंबूची खुंटी, पिसांच्या गळपट्ट्यातलं एक पीस. काही सापडलं की ओळ थांबते, वाकते, उचलते, पुन्हा चालते. सगळं गाव असं चालून झालं की नकाशा रंगवला जातो: स्वच्छ जागा हिरवी, बऱ्यापैकी पिवळी, घाण लाल. तो सगळ्यांना पाहायला खुला असतो, आणि पुढच्या वर्षी कुणाला कुठली जागा द्यायची ते ठरवताना तो समोर ठेवला जातो.

भाचीनं मला त्या वर्षीचा नकाशा पाठवला होता. तिच्या तंबूची जागा पिवळी आली होती. कारण तिला माहीत होतं: चिखलात रुतलेला एक मोजा, तो काढता आला नव्हता.